व्यायाम करा, पण दुसरा दिवस पाहून

मैत्रिणींनो, मागे या पानावर पाठदुखीसाठी सोपे व्यायाम दिले होते, तेव्हापासून एक प्रश्न वरचेवर कानी येतो. कधी पत्रातून, कधी भाजीच्या गाडीपाशी, कधी आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये. "कोविड होऊन गेला, त्याला वर्षं लोटली. रिपोर्ट सगळे चांगले. पण अंगात त्राण म्हणून नाही. जो भेटेल तो सांगतो, चालायला जा, व्यायाम कर. केला की मी आणखीच आडवी होते. मग करू की नको?"

याचं उत्तर एका शब्दात देता आलं असतं तर किती बरं झालं असतं! पण गोष्ट अशी आहे की कोविडनंतरच्या या रेंगाळलेल्या दुखण्यात काहींना व्यायामाने खरोखर गुण येतो आणि काहींना त्याच व्यायामाने अपाय होतो. आपण कोणत्या गटातल्या, हे आधी ओळखायला हवं. मी काही डॉक्टर नव्हे. पण हे ओळखण्याचा पहिला भाग घरच्या घरी जमण्यासारखा आहे, म्हणून आज तोच विषय घेते.

आमच्या माजिवड्याच्या सोसायटीतल्या एका वहिनींचं उदाहरण पाहा. २०२१ च्या एप्रिलात, दुसऱ्या लाटेत, घरातल्या सगळ्यांबरोबर त्यांनाही कोविड झाला. चार-पाच दिवस ताप, थोडा खोकला. बोटाला लावायच्या त्या यंत्रावर ऑक्सिजनचा आकडा शेवटपर्यंत उत्तम. दवाखान्यात राहावं लागलं नाही. घरातली बाकीची मंडळी पंधरा दिवसांत हिंडूफिरू लागली, या मात्र उठेनात. यजमानांनी हौसेनं बूट आणून दिले, रोज कापूरबावडीपर्यंत जाऊन यायचं ठरलं. पहिल्या दिवशी त्या परतल्या त्या अगदी हसतमुख. दुसऱ्या दिवशीही गेल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी केस विंचरायला हात वर जाईना. डोकं रिकामं, घसा धरलेला, उजेड नकोसा. गॅसवर ठेवलेलं दूध उतू जाऊन आटलं तरी त्यांना पत्ता नाही. चार दिवस अंथरुणात काढले, जरा बरं वाटलं, पुन्हा बूट चढवले. असं तीन महिने चाललं, आणि प्रत्येक खेपेला अंथरुणातले दिवस वाढत गेले. घरात कुजबुज सुरू झाली, "मनाने घेतलंय." एका नात्यातल्या बाईंनी तर "कामाचा कंटाळा" असं तोंडावरच ऐकवलं.

आता सांगा, यात आळस कुठे दिसतो? आळशी माणूस चौथ्या दिवशी पुन्हा बूट घालत नाही.

या दुखण्याला 'लाँग कोविड' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याची व्याख्या ठरवली. कोविड झाल्यावर साधारण तीन महिन्यांनी दिसणारी, निदान दोन महिने टिकलेली आणि दुसऱ्या कुठल्या आजाराने उलगडा न होणारी लक्षणं. थकवा, धाप आणि विचारांचा गोंधळ ही त्यातली मुख्य. हा त्रास पुरुषांपेक्षा बायकांत अधिक आढळतो, आणि आजार सौम्य होऊन गेला असला तरी होऊ शकतो. ही दुसरी गोष्ट घरच्यांना पटवणं फार जड जातं. "तू तर ऑक्सिजनवरसुद्धा नव्हतीस!" असं म्हटलं जातं.

ठाण्याला तर हे सगळं जवळून पाहिलेलं आहे. जून २०२० मध्ये आपल्या शेजारी बाळकूमला ग्लोबल हबच्या इमारतीत सुमारे हजार खाटांचं कोविड रुग्णालय उभं राहिलं. पुढे बरं होऊन घरी गेलेल्यांच्या तक्रारी थांबेनात, तेव्हा महापालिकेने माजिवड्यालाच एक पोस्ट कोविड सेंटर उघडलं. मुंबईत केईएमनेही २०२० मध्येच अशा रुग्णांसाठी वेगळी ओपीडी सुरू केली. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये काढलेल्या सूचनांत योगासनं, प्राणायाम आणि 'झेपेल अशा गतीने' सकाळ-संध्याकाळ चालणं सांगितलं होतं. त्यातलं 'चालणं' सगळ्यांनी उचललं, 'झेपेल' हा शब्द मात्र मागे पडला. आणि झेपलं की नाही हे चालताना कळतंच असं नाही, तिथेच खरी मेख आहे.

पहिला गट कोणता? ज्यांना मोठा आजार झाला, जे पंधरा-पंधरा दिवस खाटेवर पडून होते, ज्यांची फुफ्फुसं आणि मांड्यांचे स्नायू दोन्ही अशक्त झाले. त्यांची शक्ती वापर नसल्यामुळे गेलेली असते, आणि ती बेताबेताने वापरूनच परत येते. ब्रिटनमध्ये असा एक मोठा प्रयोग झाला, त्याचा निष्कर्ष फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णालयातून घरी येऊन तीन महिने उलटले तरी बरं न वाटणारे ५८५ जण त्यात होते. काहींना आठ आठवडे संगणकावरून, शिक्षकाच्या देखरेखीखाली, गटाने व्यायाम आणि मनाला आधार देणारी सत्रं दिली. उरलेल्यांना एकदाच सल्ला दिला. व्यायामवाल्यांची तब्येत वर्षभरानंतरही काहीशी सरस होती. चमत्कार नव्हे, पण फरक होता.

दुसरा गट आमच्या वहिनींचा. इथे श्रम केले की दुखणं उलटतं. ते लगेच उलटत नाही. बारा तासांनी, दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या दिवशी. म्हणून तर बाई फसते. चालून आल्यावर छान वाटलं म्हणून ती उद्या आणखी चालते.

हे मनाचे खेळ नाहीत, याचा पुरावा आता मिळाला आहे. अॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी लाँग कोविडच्या २५ रुग्णांना आणि २१ निरोगी माणसांना थोडा वेळ सायकल चालवायला लावली, आणि आधी व नंतर मांडीच्या स्नायूचा बारीकसा तुकडा काढून तपासला. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी जाहीर केलं की रुग्णांच्या स्नायूंत पेशींची शक्ती तयार करण्याची व्यवस्था मुळातच मंदावलेली होती, आणि श्रमानंतर ती आणखी बिघडली. स्नायूंना इजा झाल्याच्या खुणाही वाढल्या. सगळ्याच अभ्यासांचा सूर असा नाही, हेही सांगायला हवं. त्याच वर्षी स्वीडनमध्ये, दुसरा कुठलाही आजार नसलेल्या ३१ रुग्णांकडून एकेकदा व्यायाम करून घेतला, तेव्हा त्यांची लक्षणं एकंदरीत फारशी वाढली नाहीत. म्हणजे सर्वांना एकच माप लावता येत नाही, हेच खरं.

हा वादही नवा नव्हे. कोविडच्या कितीतरी आधीपासून 'एमई' नावाचा असाच थकव्याचा आजार आहे, आणि त्यात ठरलेल्या पायरीने व्यायाम वाढवत नेण्याचा उपाय वर्षानुवर्षं सांगितला जाई. रुग्ण ओरडून सांगत होते की यानं आम्ही खंगतो. शेवटी ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शक संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये तो उपाय काढून टाकला. त्याच वर्षी जूनमध्ये फिजिओथेरपिस्टांच्या जागतिक संघटनेनेही आपल्या लोकांना बजावलं, की लाँग कोविडच्या रुग्णाला व्यायाम सांगण्याआधी श्रमानंतर दुखणं उलटतं का, हे विचारा.

तर मग ओळखायचं कसं? एक साधा मार्ग सांगते. भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनात आपण दुधाचा हिशेब लिहितोच ना, त्याच चौकोनात दोन आठवडे दोन गोष्टी लिहा. आज अंगमेहनतीचं काय काय केलं, आणि आज तब्येत दहापैकी किती. महत्त्वाचं एवढंच की आजचे मार्क आजच्या कामाशी जोडायचे नाहीत, काल-परवाच्या कामाशी जोडून पाहायचे. मंगळवारी चादरी धुतल्या आणि गुरुवारी अंथरूण धरलं, असं दोन-तीनदा दिसलं तर समजा की दुखणं उलटतंय. दुसऱ्या दिवशी नुसत्या मांड्या भरून आल्या, बाकी डोकं जागेवर, झोप छान, तर ती नेहमीची व्यायामाची दुखणी. उलटलेल्या दुखण्यात अंगदुखीबरोबर घसा धरतो, डोकं चालत नाही, झोपून उठलं तरी ताजं वाटत नाही. आणि हो, नुसते अंगाचे श्रमच नव्हेत. मुलाचा गणिताचा अभ्यास घेणं, भांडण, दिवसभराचे पाहुणे, यांनीही ते उलटतं. तेही चौकोनात लिहा.

आता जरा आपल्या कामांकडे येऊ, कारण व्यायामावर बोलणारे तज्ज्ञ इथे सहसा येत नाहीत. 'हलका व्यायाम अर्धा तास' असं कागदावर लिहून मिळतं. पण ज्या बाईने सकाळी साडेपाचला उठून तीन डबे भरले, वीस पोळ्या लाटल्या, केर काढला, लादी पुसली, बादलीभर कपडे पिळून वाळत घातले, तिचा व्यायाम नऊ वाजताच होऊन गेलेला असतो! तो कुणी मोजत नाही. मग संध्याकाळी तिला चालायला पाठवायचं म्हणजे पगार संपल्यावर उधारीवर आणखी सामान भरण्यासारखं. श्रमाने दुखणं उलटतं अशा बाईने आधी घरकामाची बेरीज मांडावी आणि उरलं तर व्यायामाचं नाव काढावं. बहुतेक वेळा पहिल्या काही महिन्यांत उरत नाहीच, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

कामं कशी बेतायची? ओट्यापाशी एक उंच स्टूल ठेवा. भाजी चिरणं, पीठ मळणं, लसूण सोलणं बसूनच. पोळ्या सकाळी दहा, संध्याकाळी दहा. किंवा कुणाकडून करून घ्या, नाहीतर एक वेळ भातावर भागवा, त्यानं कुणी उपाशी राहत नाही. लादी एका दिवशी एकच खोली. कपडे धुणं आणि बाजार एका दिवशी आणू नका. सगळ्यांत महत्त्वाचं, दमल्यावर थांबायचं नाही, दमण्याआधी थांबायचं. पंधरा मिनिटं काम, मग दहा मिनिटं डोळे मिटून आडवं. हातात मोबाईल घेऊन पडलात तर ती विश्रांती नव्हे. आणि ज्या दिवशी फार छान वाटेल त्या दिवशी विशेष सांभाळा. त्याच दिवशी आपण माळा आवरायला काढतो! गौरी-गणपती, दिवाळीचा फराळ ही तर मोठीच परीक्षा. यंदा चकली विकतची आली म्हणून लक्ष्मी रुसणार नाही.

काही बायकांची तक्रार निराळी असते. नुसतं उभं राहिलं की छातीत धडधडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, बसलं की बरं. अशा वेळी पाच-दहा मिनिटं शांत पडून नाडीचे ठोके मोजा, मग उभं राहून दहा मिनिटांत अधूनमधून पुन्हा मोजा. जवळ कुणीतरी असू द्या. ठोके तिसाहून अधिक वाढून तसेच टिकत असतील तर तो आकडा डॉक्टरांना दाखवा. कोविडनंतर हा त्रास बऱ्याच जणांना झाला आहे आणि त्यावर उपचार आहेत. यात उभ्याने व्यायाम बाधतो. पडल्यापडल्या, बसल्याबसल्या करायचे व्यायाम त्यामानाने सोसतात. पाणी भरपूर प्यायला सांगतात. मीठ वाढवायलाही सांगतात, पण ते मनाने करू नका. ब्लडप्रेशर, मूत्रपिंडाचा त्रास असेल त्यांना ते भारी पडेल.

चौकोनांतल्या नोंदी पाहून दुखणं उलटत नाही अशी खात्री झाली, डॉक्टरांनीही हरकत नाही म्हटलं, तर मात्र जरूर सुरुवात करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेत यासाठी पाच पायऱ्या दिल्या आहेत. पहिलीत दीर्घ सावकाश श्वास, अंग ताणणं, घरातल्या घरात हळू चालणं. दुसरीत थोडं चालणं आणि हलकी कामं. तिसरीत भरभर चालणं, जिना. चौथी-पाचवी पुढची, नेहमीच्या व्यायामाकडे नेणारी. प्रत्येक पायरीवर निदान सात दिवस राहायचं, जड गेलं तर खालच्या पायरीवर यायचं. श्रम मोजायला शून्य ते दहा असं माप आहे. पहिल्या पायरीवर श्रम एकच्या वर जाता कामा नये, दुसरीवर दोन-तीन. चालताना पूर्ण वाक्य न थांबता बोलता आलं पाहिजे, एवढं लक्षात ठेवलं तरी चालेल. छातीत दुखलं, चक्कर आली, की तिथेच थांबायचं. मी स्वतः सांगेन की सूर्यनमस्कार, कपालभाती आणि धावणं यांची पहिल्या महिन्यात घाई करू नये. आपल्याकडे बारा नमस्कारांखाली व्यायाम झालासा वाटतच नाही, पण दुखण्यातून उठलेल्या शरीराला एक नमस्कारसुद्धा पुष्कळ असतो. माजिवड्याच्या पुलाखालून गाड्या चुकवत, मेट्रोच्या कामातून वाट काढत चालण्यापेक्षा सोसायटीच्या आवारातच फेऱ्या घाला. दमलात तर घर जवळ असतं आणि बसायला बाकडं मिळतं.

२०२१ मध्ये राज्याच्या आरोग्य खात्याने घरी करायची सहा मिनिटं चालण्याची चाचणी सांगितली होती, आठवतं ना? चालून झाल्यावर ऑक्सिजन घसरतो का ते पाहायचं. ती चाचणी फुफ्फुसांसाठी होती, आणि तिच्या कामी ती चोख होती. तिच्यात पास झालं म्हणजे थकवा खोटा, असा अर्थ मात्र काढू नका. आमच्या वहिनी तिच्यात दर वेळी पास होत.

सगळं कोविडच्या माथी मारण्याआधी एक काम मात्र करायलाच हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत आपल्या महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांत रक्त कमी आढळलं. म्हणजे निम्म्याहून अधिक! तेव्हा हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व एकदा तपासून घ्या. धाप लागत असेल तर छातीचा फोटो आणि कार्डिओग्रामही. यांपैकी काही निघालं तर आनंदच माना, त्यावर सरळ औषध आहे. छातीत दाबल्यासारखं दुखणं, बसल्या जागी धाप, एका पायाला सूज, शुद्ध हरपणं, यांपैकी काही झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठायचं. फिजिओथेरपिस्टकडे जाल तेव्हा "मला व्यायाम सांगा" म्हणू नका. "श्रमानंतर दोन दिवसांनी दुखणं उलटतं" हे आधी सांगा आणि कालनिर्णयची पानं पुढे ठेवा. त्यांनी ती पाहिलीच नाहीत, 'रोज पाच मिनिटं वाढवत चला' एवढंच सांगितलं, तर दुसरा फिजिओथेरपिस्ट शोधा.

आमच्या वहिनींनी बूट कपाटात ठेवून दिले. पाच-सहा महिने फक्त कामं वाटून घेतली. यजमान लादी पुसू लागले, थोरली मुलगी संध्याकाळच्या पोळ्या पाहू लागली. अंथरुणातले दिवस महिन्याला दहावरून दोनवर आले. मग त्यांनी पडल्यापडल्या हातापायांचे व्यायाम सुरू केले, रोज पाच मिनिटं. अजूनही त्या कापूरबावडीपर्यंत चालत जात नाहीत, रिक्षाने जातात. पण गेल्या गुढीपाडव्याला श्रीखंड त्यांनी स्वतः केलं, दोन दिवसांत विभागून.

एक शेवटचं, शिक्षिका म्हणून. हा त्रास मुलांनाही होतो. पीटीच्या तासाला मैदानात उभं राहून एखादी मुलगी पांढरीफटक पडत असेल, किंवा पीटीच्या दुसऱ्या दिवशी हटकून गैरहजर राहत असेल, तर 'नाटकं' म्हणण्याआधी तिच्याही दोन आठवड्यांच्या नोंदी ठेवा. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन वर्गशिक्षिकेला भेटा आणि कोणत्या दिवशी काय झालं ते लिहून द्या. तोंडी सांगितलेलं शाळेत राहून जातं. लिहिलेला कागद हजेरीपटात राहतो.